तीन हजार अठरा ठिकाणी बदल

मंगळवारी सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी हेमराज चकोलेने 'सर्व बदला' हे बटण दाबले. लॅपटॉपच्या पडद्यावर खालच्या बाजूला एक काळी पट्टी आली आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत उमटले: ३,०१८ ठिकाणी बदल केला. स्टाफरूममध्ये तेव्हा तो एकटाच होता. पुढच्या तासाला तीन मिनिटे होती. त्याने आकडा पुन्हा वाचला आणि त्याला मनापासून वाईट वाटले. अकरावी कलाशाखेच्या बासष्ट मुलांनी दहा-दहा ओळींची उत्तरे लिहिली होती, आणि त्यांत 'ला'च्या जागी 'ले' तीन हजार अठरा वेळा. प्रत्येकी अठ्ठेचाळीस, वर बेचाळीस. आंधळगावच्या या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला लागून त्याला एकवीस वर्षे झाली होती, आणि एकवीस वर्षांचा निकाल हा असा काळ्या पट्टीवर लागला होता. दहा ओळींत अठ्ठेचाळीस चुका बसतील कशा, हा प्रश्न त्याला पडला, पण गुरुवारी. मंगळवारी घंटा झाली, त्याने लॅपटॉप मिटला आणि तो वर्गावर गेला. वर्गात त्याने विभक्ती प्रत्यय शिकवले.

सगळे एकाच फाइलमध्ये असणे ही त्याची दोन वर्षांपूर्वीची क्रांती. तोवर तो कागदाचा माणूस होता. शर्टाच्या खिशात चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांवर शब्द, शब्द धुण्यात जायचे. मग भंडाऱ्याला शिक्षकांचे तीन दिवसांचे प्रशिक्षण झाले आणि तिथल्या तरुण प्रशिक्षकाने पहिल्याच तासाला सांगितले, "सर, डोक्यात काही ठेवायचं नाही. डोकं विचारासाठी आहे, साठवायला नाही. सगळं एका जागी ठेवा." बाकीचे शिक्षक जेवणाची वेळ विचारत होते तेव्हा हेमराजने हे वाक्य वहीत लिहून घेतले आणि वही लगेच निरुपयोगी झाली याचा त्याला आनंद झाला. वरठीला घरी आल्यावर त्याने एक तक्ता उघडला आणि त्याला खालच्या बाजूने पाने जोडत गेला. पहिले पान झाडीबोलीतल्या, म्हणजे भंडाऱ्याकडच्या बोलीतल्या, शब्दांचे: सहा वर्षे चाललेल्या त्याच्या पीएचडीचे सगळे धन, चार हजारांवर नोंदी, प्रत्येक शब्दापुढे अर्थ, गाव, सांगणारा आणि बोलण्यातले एक वाक्य. दुसरे पान सांगणाऱ्यांच्या नावांचे. तिसरे मार्गदर्शकांच्या सूचनांचे. चौथे ऋणनिर्देशाचे, कारण आभार वेळच्या वेळी टिपून ठेवले नाहीत तर माणसे सुटतात. पाचवे अकरावीच्या उत्तरांचे; मुले मोबाईलवरून उत्तरे भरत आणि ती थेट इथे येऊन पडत. सहाव्या पानावर गॅस सिलिंडर कधी लावला याच्या तारखा होत्या. पानांना रंग होते. शब्दांचे पान हिरवे, मुलांचे लाल. 'शोधा आणि बदला' या चौकटीत, कुठे शोधायचे या प्रश्नापुढे 'सर्व पाने' हा पर्याय आपोआप निवडलेला असतो, ही गोष्ट प्रशिक्षणात तिसऱ्या दिवशी दुपारी सांगितली गेली होती. त्या दुपारी हेमराज पहिल्या दिवसाच्या टिपणांना रंग देत होता.

'ले'शी त्याचे भांडण मुलांमुळे सुरू झालेले नव्हते. तो एम.ए.साठी पुण्याला गेला तेव्हा पहिल्याच संध्याकाळी खानावळीत पंगतीत बसून म्हणाला होता, "मले भाजी वाढा." वाढप्याने त्याच्या मागे पाहिले. मग शेजारी पाहिले. मग अदबीने विचारले, "मले कोण?" पंगत हसली नाही, हसली असती तर बरे झाले असते. एका मुलाने पुढे सरकून समजूतदारपणे सांगितले, "त्यांनाच हवीये." त्यानंतर दोन वर्षे हेमराजच्या डोक्यात एक माणूस बसून होता, जो तोंडापर्यंत आलेले प्रत्येक वाक्य थांबवून तपासत असे. मले आले की मला, तुले आले की तुला, कायले आले की कशाला. वाक्य बाहेर पडेपर्यंत समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असे, त्यामुळे पुण्यात तो मितभाषी आणि विचारी म्हणून प्रसिद्ध झाला. दिवाळीत घरी आला आणि सवयीने म्हणाला, "आई, मला चहा दे." दुर्गाबाईने, त्याच्या आईने, चहा दिला, पण पुढचे तीन दिवस ती त्याच्याशी 'तुम्ही' म्हणून बोलली. अंघोळीचं पाणी काढलं आहे तुमचं. आणखी भात घेता का. चौथ्या दिवशी तो चिडून ओरडला, "कायले असं करून राहिली वं?" तेव्हा ती एकवचनावर आली. आज वर्गात तो मुलांच्या वहीत 'मले'भोवती लाल गोल काढतो आणि संध्याकाळी त्याच मुलांच्या आज्यांकडे बसून 'मले' हिरव्या पानावर उतरवून घेतो. यात काही विसंगती आहे असे त्याला वाटत नसे. दोन्हींना वेगवेगळा रंग होता.

गुरुवारी दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी नागपूरहून वीरेंद्र सरांचा फोन आला. हे त्याचे मार्गदर्शक. वयाने त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, त्यामुळे दोघेही एकमेकांना जास्तच अदबीने बोलत. शब्दसूचीचे परिशिष्ट शनिवारी चारच्या आत विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चढवायचे होते. ते चुकले तर नोंदणी रद्द आणि सहा वर्षे पुन्हा पहिल्यापासून. सरांचा आवाज मात्र उत्साहाचा होता.

"चकोले सर, अहो तुम्ही हे आधी का नाही सांगितलं? मी सूची बघतोय मोबाईलवर. तुमच्या भागात 'ले' संपूर्ण गेलाय. 'जेवाला बस', 'बाईला सांग', सगळीकडे 'ला'. एका पिढीत एवढं प्रमाणीकरण! हा स्वतंत्र निष्कर्ष आहे. यावर निबंध होईल."

"ले गेला?" हेमराज म्हणाला.

"समूळ. फक्त काही जागा कळल्या नाहीत. मुलाला 'लाकरू' म्हणतात का तिकडे? आणि 'लांडेझरी' हे गाव कुठं आलं? नकाशात लेंडेझरी आहे. 'शिलालाख' म्हणजे काय? लाखेचा काही प्रकार आहे का?"

त्या क्षणी हेमराजला काळी पट्टी दिसली. आकडा दिसला. त्याचबरोबर, लाज वाटावी इतक्या चटकन, असाही विचार आला की निबंध खरोखरच होऊ शकेल. पण सर पुढच्या पानांवर गेले होते आणि त्यांचा आवाज उतरू लागला.

"हा चकोला कोण?" मग त्यांनी वाचून दाखवले. "चकोले सर, ऋणनिर्देशात लिहिलंय, 'डॉ. वीरेंद्र वेळोवेळी म्हणाला.' पुढे आहे, 'ते आमच्या गावी आला, जेवला आणि निघून गेला.'"

बदलाने नुसते प्रत्यय पुसले नव्हते, अनेकवचनही पुसले होते. आणि मराठीत मान सगळा अनेकवचनात ठेवलेला असतो. हेमराज फोन कानाला लावून अकरावीच्या लाल पानावर गेला. तिथे बासष्ट उत्तरांत बाबा शेतातून आला होता, आजोबा रागावला होता, मुख्याध्यापक झेंड्याला सलाम करून खाली बसला होता. एका बटणासरशी सबंध तालुक्यातली वडीलधारी माणसे त्याने एकेरीवर आणली होती.

"एडिटिंगचा अधिकार कोणाकोणाला आहे?" सरांनी विचारले.

"तुम्हाला. मला. आणि मोनिकाला. अकरावीतली विद्यार्थिनी आहे, नोंदी करायची."

"मग तिनंच काहीतरी दाबलं."

इथे 'नाही' म्हणायला साधारण एक सेकंद होता. हेमराजने तो सेकंद स्पष्ट ओळखला; पुण्याच्या खानावळीतला माणूस डोक्यात जागा झाला, वाक्य थांबवून तपासू लागला, आणि तपासून होईपर्यंत दुसरेच वाक्य बाहेर पडले होते.

"असावं," तो म्हणाला.

'असावं' हा विध्यर्थ. इच्छा, तर्क, शक्यता, कर्तव्य. वर्गात तो हे चार अर्थ एका दमात सांगत असे. यात खोटे हा अर्थ येत नाही, हे त्याने फोन ठेवल्यावर स्वतःला दोनदा सांगितले. मग सरांच्या सूचनेप्रमाणे त्याने मोनिकाचा अधिकार काढला. नावापुढच्या बाणावर दाबायचे, 'काढून टाका' निवडायचे. यंत्राने विचारलेही नाही, का.

मोनिका निपाने कोष्टीपुऱ्यातली. वर्गात पहिल्या बाकावर बसते आणि सरांना न घाबरता 'मले नाही समजलं' म्हणते. असे म्हणणारी ती एकटीच. तिची आजी कुंताबाई हातमागावर बसायची. हेमराज शब्द विचारायला पहिल्यांदा गेला तेव्हा कुंताबाई त्याच्या शर्टाकडे पाहून पुस्तकी बोलू लागली होती. मोनिकाने तिच्यासमोर मोबाईल ठेवला आणि म्हणाली, "आजी, सरले नको सांगू, मले सांग." अकराशे नोंदी तिने टाइप केल्या. धोटा, फणी, पांजण, कांडी, मागाचे सगळे शब्द. 'कायले' हा शब्द कसा लिहायचा, जोडून की तोडून, यावर तिने त्याच्याशी भांडण केले होते आणि ती जिंकली होती.

पावणेसहाला त्याने आवृत्त्यांचा इतिहास उघडला. फाइलच्या प्रत्येक बदलाची वेळ आणि बदलणाऱ्याचे नाव यंत्र लिहून ठेवते, हे त्याला ठाऊक होते. आजवर ते त्याला सोयीचे वाटत आले होते. उजव्या बाजूला यादी आली. मंगळवार, ११:४२, आणि खाली एका जांभळ्या ठिपक्यापुढे: हेमराज चकोले. सगळ्या फाइलीत 'चकोले' शाबूत राहिलेली ही एकच जागा होती. मंगळवारी ११:४१ची आवृत्ती परत आणली की सगळे जसेच्या तसे होणार होते. पण ती आणली तरी इतिहास तिथेच राहणार, उलट त्यात आणखी एक ओळ वाढणार. त्याखालीच दुसरा पर्याय होता: प्रत तयार करा. प्रत म्हणजे नवी फाइल. तिला मागचे काही नसते, ती आत्ता जन्मलेली असते. हेमराजने ११:४१ची प्रत केली. मंगळवारनंतरच्या नऊ नोंदी हाताने तिच्यात आणल्या. वीरेंद्र सरांना पाठवली, 'दुरुस्त केली आहे' असे लिहिले, आणि सव्वासातला जुनी फाइल कचरापेटीत टाकली. यंत्राने कळवले, तीस दिवसांनी ती आपोआप कायमची नष्ट होईल. एवढी समंजस सोय माणसांच्या बाबतीत कोणी केलेली नाही, असे त्याला जेवताना वाटले.

शुक्रवारी परिपाठाला प्राचार्य परसराम सरांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. त्यांना ही बातमी हेमराजनेच दिली होती. म्हणजे त्यांनी विचारले, आणि त्याने पुन्हा एकदा विध्यर्थ वापरला. परसराम सर म्हणाले की संगणक ही खेळायची वस्तू नाही, आपल्याच एका विद्यार्थिनीच्या हलगर्जीपणाने आपल्याच एका सरांचे सहा वर्षांचे काम जाता जाता वाचले आहे. नाव घेतले नाही; सरांच्या नोंदी कोण करते हे सगळ्यांना ठाऊक होते. चारशे माना पहिल्या रांगेकडे वळल्या. मोनिका समोरच्या भिंतीवरचा पाण्याच्या टाकीचा पाइप पाहत होती. हेमराजही तोच पाइप पाहू लागला. त्याला एक जोड होता, जोडाला सुतळी गुंडाळली होती.

दुपारी बारा वीसला कुंताबाई स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. पदर डोक्यावर, हातात कापडी पिशवी.

"चकोले मास्तर कोणता आहे?" तिने विचारले, तो समोर असून.

"या आजी. बसा."

"बसाले नाही आली मी. माह्या नातनीनं तुमचं काय बिघडवलं, थे पाहाले आली. दाखवा."

"आता ठीक झालं आहे सगळं."

"ठीक झालं तं मंग माइकात कायले वरडले?" तिने परसराम सरांकडे पाहिले, ते तिच्या नजरेतून बाजूला सरकून कपाटात काहीतरी शोधू लागले. "पोट्टीनं माहे शब्द लिवले. म्या सांगतले, तिनं लिवले. तुमी तं निसते चहा पेले. तीन-तीन कप."

"आजी, तिच्यावर कोणी रागावलं नाही," हेमराज म्हणाला.

"रागवा ना! रागवाले कोण नाही म्हणते? रागावले असते तं घरी येऊन भांडली असती माह्यासंग. थे भांडत नाही." कुंताबाईने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. आवाज जरा खाली आला. "काल सांजच्याले तुमची फाइल उघडली तं बंद. मंग रातच्यानं मले म्हणते, 'आजी, मला पाणी दे.' मला! म्या कपाळाले हात लावून पायला, ताप तं नाही. सकाळी म्हणते, 'मला उशीर होत आहे.' बापाले वाटलं, पोट्टी शयरातल्या कोणासंग फोनवर बोलून राहिली. मास्तर, तुमी शिकवता तसंच बोलून राहिली थे. पूर्ण शुद्ध. तुमाले पायजे होतं नं? घ्या."

स्टाफरूममध्ये कोणीतरी हसले आणि थांबले. कपाटाजवळून परसराम सर म्हणाले, "बरं आहे ना मावशी, पोरगी सुधरून राहिली." कुंताबाईने त्यांच्याकडे फार वेळ पाहिले नाही. ती गेली. हेमराजच्या टेबलावर एकवीस वर्षांच्या नोकरीतले पहिले संपूर्ण यश पडून होते आणि ते उचलून कुठे ठेवावे, त्याला कोणता रंग द्यावा, हे त्याला कळेना.

त्याने कामांच्या यादीचे ॲप उघडले आणि लिहिले: मोनिकाला सांगणे. तारीख, आज. महत्त्व, लाल. शेवटच्या तासाला मोनिका वर्गात होती. त्याने तिला एक सोपा प्रश्न विचारला; ती उभी राहून म्हणाली, "मला माहीत नाही, सर." उच्चार निर्दोष होता. पाच वाजता फोन थरथरला: एक काम बाकी आहे. त्याने ते उद्यावर ढकलले. ढकलण्याची खूण अंगठ्याने डावीकडे, फार हलकी. शनिवारी दोन वाजून पन्नास मिनिटांनी परिशिष्ट विद्यापीठाकडे गेले, पोचपावती आली, त्याने 'परिशिष्ट सादर करणे' या कामापुढे बरोबरची खूण केली आणि पडद्यावर वरून रंगीत कागदाचे तुकडे पडू लागले. ते पडत असताना खाली लाल अक्षरांत दुसरे काम दिसत होते. एकदा पुढे ढकललेले. वीरेंद्र सरांचा संदेश आला, अभिनंदन, आता त्या मुलीला काही बोलू नका, लहान आहे. हा मोठेपणा वाचून हेमराज बाहेर जाऊन मोटारसायकलचा आरसा पुसत राहिला.

संध्याकाळी वरठीला घरी बसून तो कबुली लिहू लागला आणि व्याकरणात अडकला. पहिला मसुदा: सदर बदल अनवधानाने झाला. यात करणाराच नव्हता. दुसरा: माझ्याकडून चूक घडली. यात तो होता, पण बाजूला उभा असल्यासारखा. चूक आपली आपण चालत येऊन घडली होती. तिसरा: मी चूक केली. हे त्याला सरळ वाटले, आणि मग एकवीस वर्षांची सवय म्हणून त्याने प्रयोग ओळखला. केली, कारण चूक स्त्रीलिंगी. क्रियापद चुकीप्रमाणे चालते, कर्त्याप्रमाणे नाही. कर्मणी. त्याने 'गुन्हा' घालून पाहिला, 'केला' झाले. 'पाप' घातले, 'केलं'. कर्ता मी, पण क्रियापद माझ्याकडे ढुंकून पाहत नाही. 'मी चुकलो' कर्तरी होते, पण त्यात काय केले ते नव्हते. केलेल्या गोष्टीची कबुली या भाषेत कर्तरी प्रयोगात देताच येत नाही, हे लक्षात आल्यावर त्याला क्षणभर सुटल्यासारखे वाटले. इतक्या जुन्या भाषेने केलेली सोय आपण एकट्याने का मोडायची. मग तो बोलीत म्हणून पाहू लागला, मोठ्याने, कारण घरात कोणी नव्हते. "म्या केलं." तेही कर्मणीच निघाले. पण म्हणताना डोक्यातला तपासणारा माणूस मध्ये आला नाही. वाक्य तोंडातून थेट बाहेर पडले, उशीर न होता, आणि समोरच्या भिंतीवर जाऊन बसल्यासारखे वाटले. हेमराजला आपलाच आवाज ओळखीचा वाटला नाही; किंवा फार ओळखीचा वाटला, दोन्हींत त्याला फरक करता आला नाही.

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी त्याने कचरापेटी उघडली. जुनी फाइल तिथे होती, सत्तावीस दिवस शिल्लक. 'पुन्हा आणा' दाबल्यावर ती जागच्या जागी परत आली. चकोला, लाकरू, लांडेझरी, सगळ्यांसकट. त्याने मोनिकाचे नाव शोधले आणि तिला अधिकार दिला, पाहण्याचा नाही, बदलण्याचा, म्हणजे इतिहासही उघडता येतो. संदेशाच्या चौकटीत त्याने लिहिले: मंगळवार ११:४२ पाय. म्या केलं. सोमवारी परिपाठाले मी सांगतो. 'पाय' खाली कीबोर्डने लाल रेघ ओढली आणि 'पाहा' सुचवले. त्याने सुचवणी नाकारली. पाठवले. मग प्राचार्यांच्या क्रमांकावर गेला, तिथे तेच लिहू लागला, 'आदरणीय सर' एवढे लिहिले आणि थांबला.

सात वाजता मोनिका ऑनलाइन दिसली. सात वाजून चार मिनिटांनी दिसेनाशी झाली. पावणेआठपर्यंत फाइल तिने उघडलेली नव्हती, आणि प्राचार्यांच्या चौकटीत 'आदरणीय सर' यापुढे काही लिहिलेले नव्हते.